एकेक प्लेट भजी

मंद्रूपच्या बाजाराला निघालेला त्रिंबकअण्णांचा टेम्पो वाटेतच बंद पडला. बाजार बुडायची वेळ आली, म्हणून माल घेऊन मागं बसलेले आम्ही चौघं उतरून ढकलायला लागलो. ढकलणाऱ्या प्रत्येकाला एकेक प्लेट भजी, हा अण्णांचा जुना नियम.

चादरी विकणाऱ्या जोतीरामला तो पहिल्यापासून खटकायचा. "जोर लावणार मी, तुमी नुसते हात टेकवणार, आन् भजी सगळ्यास्नी सारखीच? ह्यो कसला समाजवाद?"

"तुझं तोंडच लई जोर करतंय की," मीनाबाई म्हणाल्या. "ढकल गप."

पण त्याचा संशय काही जाईना. टेम्पोचा फाळका दोन्ही हातांनी घट्ट धरून तो वाकून वाकून आमचे हात तपासत होता. आधी यशपालचे, मग माझे. शेवटी वैतागून ओरडला, "थांबा, मी सोडूनच देतो. मग कळंल टेम्पो कुणाच्या जिवावर चाललाय!"

त्यानं फाळका सोडला.



टेम्पो एकदम हलका झाला, दहा पावलांत सुरू झाला, आणि जोतीरामला भज्यांच्या गाड्यापर्यंत मागून पळत यावं लागलं.