सोबत कोण आलंय?

“तुमच्यासोबत कोण आलंय?” मुग्धानं विचारलं.

“नापास,” सिंधुबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची शेंग फोडली.

मुग्धानं कपाळावर हात मारला. इंग्लंडात डॉक्टरकी करायला द्याव्या लागणाऱ्या मँचेस्टरच्या परीक्षेत ती पहिल्या खेपेला नेमकी ह्याच प्रश्नावर घसरली होती. तिथं कसलेले नट पेशंट होऊन समोर बसतात. तिच्या वाट्याला आलेल्या बाईला मोठा आजार झालाय, हे तिनं त्या बाईलाच सांगायचं होतं. लातूरच्या दवाखान्यात मुरलेली मुग्धा मात्र अगदी मायेनं म्हणाली, तुम्ही बसा, काळजी करू नका, सोबत कोण आलंय त्यांना जरा आत पाठवा. इकडची रीतच ती. पेशंट बाकावर बसून राहतो आणि डॉक्टर त्याच्या भावाला नाहीतर मेव्हण्याला व्हरांड्यात नेऊन हळू आवाजात सांगतो. तिकडं ज्याचं दुखणं, त्याला आधी.

“पण आत्या, एकट्या बाईला तोंडावर कसं सांगायचं गं?”

“मी हाय की. माझ्या तोंडावर सांग.”

तेव्हापासून रोज दुपारी सुपात शेंगा घेऊन सिंधुबाई पेशंट व्हायच्या. भाचीचा अभ्यास घेणं त्यांना नवं नव्हतं. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले, परगावची पोरं खोल्या करून राहू लागली, तेव्हा बारावीतल्या मुग्धासमोर पुस्तक धरून त्याच बसायच्या. पुस्तक इंग्रजी, त्यांना त्यातलं अक्षर कळत नसे. पण पोर अडखळली की त्या म्हणायच्या, “नापास.” आणि बहुतेक वेळा उत्तर चुकलेलंच असायचं.

एका दुपारी मुग्धा आपल्या ह्या पेशंटला म्हणाली, “सगळं ठीक होईल.”

सिंधुबाईंनी सूप खाली ठेवलं. “असं म्हणू नको बाई. मला लई जणांनी म्हणून झालंय.”

मग त्यांनी ते सांगितलं, जे त्या घरात कुणी कधी बोलत नसे. किल्लारीकडचा भूकंप. गणपती बोळवून गाव झोपलं होतं आणि पहाटे दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. धाकटा भाऊ बालाजी, म्हणजे मुग्धाचा बाप, लातूरहून धावत आला. बोटं सोलवटेपर्यंत दगड उपसून त्यानं बहिणीला जिवंत बाहेर काढलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिनं नवऱ्याचं विचारलं. “दाजी सोलापूरच्या दवाखान्यात आहेत, अक्का. बरं आहे त्यांचं,” बालाजी म्हणाला. डॉक्टर, नर्स, भेटायला येणारे, सगळे तेच म्हणायचे. सोलापूरकडं जाणारं कुणी भेटलं की सिंधुबाई निरोप द्यायच्या, त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, उजवीकडून बोला. लोक हो म्हणायचे.

“शेवटी शेजारच्या खाटेवरच्या साखराबाईनं सांगितलं. तिला राहवलं न्हाई. सगळ्या दवाखान्याला ठाऊक, एक मलाच न्हाई. दुःख तर व्हणारच हुतं गं. पण त्यांना अग्नी देऊन झाला, अन् मी आपली मदतीत आलेली बिस्किटं त्यांच्यासाठी उशाखाली ठिवून राहिले.”

‘सगळं ठीक होईल’ हे वाक्य मुग्धाच्या तोंडून पुन्हा आलं नाही.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. इंग्लंडातल्या एका इस्पितळानं तिला बोलावलं. तळमजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या क्लासच्या मुली पेढे घ्यायला वर आल्या, तेव्हा सिंधुबाई त्यांना म्हणाल्या, “हिचा अर्धा अभ्यास मीच नापास केलाय.”

त्याच गडबडीत त्यांच्या काखेतली गाठ तपासायला दिली होती. “चरबीची आहे, अक्का,” रिपोर्ट घेऊन आलेला बालाजी म्हणाला आणि सुपारी कातरत राहिला. त्यानंतर सिंधुबाई स्वयंपाकघरात गेल्या की भावजय उमाबाई एकदम कढीपत्त्याविषयी बोलू लागायच्या. माणसं अशी मध्येच गप्प झालेली सिंधुबाईंनी पूर्वी एकदा पाहिली होती. त्यांनी विचारलं नाही. भावाच्या बोटांवरचे ते जुने वण दिसले की विचारवत नसे.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बॅगा भरून झाल्या होत्या. आतल्या खोलीतून बालाजीचा दबका आवाज आला, “तू उद्या विमानात बसशील. मागं निस्तरायचं आम्हाला.” मग मुग्धा बाहेर आली. तिनं स्टूल ओढलं, आत्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली आणि सूप बाजूला केलं.

“आत्या, तुझ्या तब्येतीबद्दल तुला काय काय माहीत आहे, ते आधी सांग.”

परीक्षेतली पहिली ओळ ती. सिंधुबाई हसल्या. “अगं, पास झालीस की. आता कशाला पेशंट करतीस मला?”

मुग्धा हसली नाही. दाराशी बालाजी भिंतीकडं तोंड करून उभा होता. मुग्धानं तिकडं पाहिलंही नाही.

“ती गाठ चरबीची नाही, आत्या.” इथं ती अडखळली. मान खाली गेली, पुन्हा वर आली. “कॅन्सर आहे.”

मग ती थांबली. आत्याला वेळ दिला. आत्यानं मान हलवल्यावर पुढचं सांगितलं: इलाज काय, त्रास काय होईल, कशाची खात्री देता येत नाही. “करायचं का, कसं करायचं, ते तू ठरवायचंस. मी थांबू का, तेही तूच सांग.”

सिंधुबाईंनी शेंगांची टरफलं हातानं एका बाजूला सारली.

“बालाजी, हिकडं ये, बस माझ्याजवळ,” त्या म्हणाल्या. “आता कुणाला सोलापूरला धाडायचं न्हाई. इलाज हितंच करू. अन् पोरीला जाऊ दे.”

मग त्यांनी मुग्धाचा ओला चेहरा दोन्ही हातांत धरला.

“आता झालीस पास.”