रेघेवरचा माणूस

"बाहेर!" रेघेवर पंच म्हणून बसलेल्या जगदेवनं हात वर केला.

उदयसिंग जागच्या जागी थबकला. आपला चेंडू रेघेवर पडलेला त्यानं स्वतः पाहिला होता.

"जगदेवभाऊ, नीट पाह्यलं ना?"

"बाहेर होता," जगदेव खाली पाहत म्हणाला.

अकोल्याकडच्या मालेगावच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात, कापूस वाळवायच्या सिमेंटच्या ओट्यावर रेघा मारून टेनिसचं मैदान केलं होतं. त्र्याहत्तर साल होतं. बायका आणि पुरुष, दोघांचेही सामने होते. नागपूर, इंदूर, हैदराबादचे बक्षिसावर खेळणारे खेळाडू आले होते. पुरुषांत जो जिंकेल त्याला नागपूरच्या एका क्लबात शिकवायची कायमची नोकरी मिळणार होती. चाळिशीला टेकलेल्या उदयसिंगला ती हवीच होती. पलटणीत असताना तो हा खेळ शिकला आणि लग्नानंतर बायकोलाही त्यानंच शिकवला. हेमला आता बायकांच्या अंतिम फेरीत पोचली होती.

तो उपांत्य सामना उदयसिंगनंच जिंकला. हरलेला नागपूरकर हात न मिळवता निघाला.

"तुमचंच गाव, तुमचेच पंच," एवढंच तो म्हणाला.

हरल्यावर माणूस असं बोलतोच, असं समजून उदयसिंगनं ते सोडून दिलं. पण रेघेवरचा तो चेंडू त्याच्या डोक्यातून जाईना.

संध्याकाळी तो हातपाय धुवायला नळाकडे गेला. कापसाच्या गाठींच्या आडोशाला हेमला उभी होती आणि समोर जगदेव. जगदेव नकारार्थी मान हलवत होता. हेमलानं हात जोडले. मग जगदेवनं हळूच होकार दिला आणि तो घाईनं निघून गेला.

जेवताना उदयसिंगनं विचारलं, "जगदेवसोबत काय बोलून राह्यली होती?"

"कोन जगदेव?"

"रेघेवरचा पंच."

"मी कायले बोलू त्याच्यासोबत?" तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकली.

उदयसिंगनं ताट बाजूला सारलं. अकोल्याच्या डॉक्टरकडे दोघं जाऊन आल्यापासून, गेलं वर्षभर ती मागे लागली होती. खेळ सोडा, रिठदले जाऊ, वावर करू. रिठद तिचं माहेर, आई तिथंच होती. नागपूरचं नाव काढलं की ती विषय बदलायची. आपण जिंकलो तर तिला नागपूरला यावं लागेल, म्हणूनच तिनं जगदेवला गाठलं, हे त्याला आता लख्ख दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमला जिंकली. लोकांनी तिला हार घातला. उदयसिंगनंही टाळ्या वाजवल्या, पण त्याची नजर जगदेववर होती.

दुपारी पुरुषांची अंतिम लढत. समोर इंदूरचा तरणाबांड रामसिंग. पहिला सेट उदयसिंगनं घेतला. दुसऱ्यात त्याचा एक जोरदार फटका रेघेजवळ पडला. जगदेवनं आधी बायकांच्या बाकावर बसलेल्या हेमलाकडे पाहिलं. मग हात वर केला.

"बाहेर!"

उदयसिंग सरळ पंचांच्या खुर्चीपाशी गेला. तिथं जिनिंगचे सेक्रेटरी पंजाबराव बसले होते.

"मले हा माणूस रेघेवर नको."

"अहो, तुमीच पुढे हाय ना! काहून नको?"

"नको म्हनजे नको. पुंजाजी मास्तरले बसवा. साऱ्या मालेगावचा भरोसा हाय त्यांच्यावर."

पंजाबरावांनी रामसिंगला विचारलं. "बसवा की," तो लगेच म्हणाला, "मलाही तेच हवंय."

जगदेव उठला. हेमला धावत दोरीपाशी आली. तिचा चेहरा उतरला होता.

"अहो, राहू द्या ना त्याले! ऐका माह्यं!"

तिची ती घालमेल पाहून उदयसिंगला उरलीसुरली शंकाही राहिली नाही. त्यानं पाठ फिरवली.

पुंजाजी मास्तर चष्मा पुसून बसले. खेळ सुरू झाला.

"बाहेर."

"बाहेर."

"बाहेर."

दुसरा सेट गेला. तिसऱ्यात त्याला एकही गेम मिळाला नाही. रामसिंगला लोकांनी खांद्यावर घेतलं. उदयसिंग तसाच गाठींच्या आडोशाला जाऊन बसला. हेमला मागोमाग आली.

"झालं तुह्या मनासारखं?" त्यानं विचारलं. "मास्तरलेही फोडलं ना तू?"

"मास्तरले कोन फोडन?"

"मंग जगदेवले? खरं सांग. फोडलं होतं का नाही?"

हेमला त्याच्यासमोर खाली बसली.

"फोडलं होतं," ती म्हणाली. "तुमचे डोळे चालले, असं अकोल्याच्या डॉक्टरनं मले सांगतलं. निदान ती नोकरी तरी तुमाले भेटावी, म्हनून त्याच्या पाया पडत होती मी. तुमचे बाहेर गेलेले बॉल तो आत घेऊन राह्यला होता. जे हातभर बाहेर गेले, तेवढेच त्यानं बाहेर देल्ले."