बारशाचे पेढे

खानविलकरांनी उरलेल्या पेढ्यांचा खोका अन्न तपासणीच्या सरकारी कार्यालयात साहेबांच्या टेबलावर ठेवला. नातवाच्या बारशाला हेच पेढे खाऊन विहीणबाईंसकट अकरा जण आडवे झाले होते. "पेढे नावाजलेल्या दुकानातले हो, यांच्या स्वयंपाकघरातच घाण," असं विहीणबाई अंथरुणातून फोनवर गावभर सांगत होत्या. त्यांचं तोंड बंद करायला, दोष पेढ्यांचाच आहे असा एक सरकारी कागद हवा होता.

"अर्ज दोन प्रतींत लागतो, काका," साहेब फायलीतून मान वर न काढता म्हणाले.

खानविलकर खालून झेरॉक्स काढून आले, तर अख्खं कार्यालय टेबलाभोवती तोंड हलवत उभं होतं.

"अभिनंदन! कशाचे पेढे?" साहेबांनी बोटं चाटत विचारलं.

"तक्रारीचे. हा तपासणीचा नमुना होता."

साहेबांनी रिकाम्या खोक्यात डोकावून पाहिलं आणि नियमाप्रमाणे अर्जावर शेरा मारला, 'नमुना उपलब्ध नाही. तक्रार निकाली.' खात्याची तत्परता पाहून खानविलकरांना भरून आलं.

दुसऱ्या दिवशी ते दाद मागायला गेले, तर सातही खुर्च्या रिकाम्या. मधुमेही शिपाई तेवढा टवटवीत होता.

"सगळे रजेवर, काका. प्रत्येकाने लेखी कळवलंय, पेढे खाऊन पोट बिघडलं म्हणून. साहेबांची तर सहीसुद्धा थरथरलीय."

खानविलकरांनी रजेचे सातही अर्ज शांतपणे वाचले.

"यांच्या झेरॉक्स काढू द्याल का? आमच्या विहीणबाईंना वाचनाची आवड आहे."