मधलं घ्या, काकू

"म्हणजे तिन्ही मॉडेलांचं इंजिन एकच?" काकांनी विचारलं.

"एकच, काका. पळायला तिन्ही सारख्याच. फरक आहे तो आतल्या थाटात."

काकांनी खिशातून छोटी डायरी काढली, काहीतरी टिपलं आणि पुढे बरोबरची खूण केली. गाडी दाखवणारा पुष्कर ताठ उभा राहिला.

गेला आठवडाभर लोअर परळच्या त्या शोरूममध्ये एकच विषय चालला होता. कंपनी गिऱ्हाईक म्हणून तपासनीस पाठवणार होती. कोण, कधी, कुणालाच ठाऊक नव्हतं. पुष्करचे उमेदवारीचे सहा महिने सोमवारी संपत होते आणि कायम व्हायचं की घरी बसायचं, हे त्या तपासनिसाच्या शेऱ्यावर ठरणार होतं. "म्हातारी माणसं आली तरी गाफील राहू नकोस," मॅनेजर हितेंद्रने बजावलं होतं. आणि शनिवारी दार उघडताच शिवाजी पार्कचे हे रमाकांतकाका आणि मृणालिनीकाकू हजर झाले होते, डायरीसकट.

गाडी बघायला आलेली माणसं गाडीकडे बघतात. हे दोघं जास्त वेळ पुष्करकडेच बघत होते. तिथेच त्याने ओळखलं.

"आमचं हे तिसरं ठिकाण," काकू म्हणाल्या. "आधी ठाण्याला जाऊन आलो, मग अंधेरीला. मनासारखं काही दिसेना."

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. आई. डबा नेलास ना, एवढं विचारायला ती लालबागहून रोज फोन करायची. पुष्करने तो कापला.

"घ्या की," काकू म्हणाल्या.

"आईचा आहे. नंतर करतो."

काकांनी पुन्हा काहीतरी टिपलं. या वेळी बरोबरची खूण काही दिसली नाही. आता फोन कापला ते चुकलं की तो वाजला ते चुकलं, हे पुष्करला कळेना. त्याने फोन पार बंदच करून टाकला.

मग त्याने जीव तोडून माहिती दिली. पहिल्या मॉडेलला काचेचं छत नाही. मधल्याला आहे, शिवाय मागच्यांना वेगळा एसी. टॉपला सगळंच आहे, चारी बाजूंचे कॅमेरे आणि पाठ चोळून देणारी सीटसुद्धा. काकू मान डोलावत होत्या. मधल्या मॉडेलमध्ये त्यांनी पुष्करलाच बसायला लावलं.

"डोकं वर टेकतं का बघू. उंची किती तुमची?"

"पाच फूट दहा."

काकांनी खूण केली.

टॉप मॉडेल घेऊन तिघं फेरी मारायला निघाले. करी रोडच्या पुलाशी एका टॅक्सीवाल्याने सरळ आडवी टॅक्सी घातली. एरवी लालबागच्या चाळीत वाढलेल्या पुष्करने काच खाली करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण मागच्या सीटवर डायरी होती.

"जा बाबा, तुला घाई असेल," तो इतक्या गोड आवाजात म्हणाला, की टॅक्सीवालाच बिचकला. मागे काकूंनी काकांना कोपराने ढोसलं.

"रविवारी सुट्टी असते का हो तुम्हाला?" काकांनी विचारलं.

"नाही, पण मागितली तर मिळते."

परत आल्यावर काकू कंबरेवर हात ठेवून हळूहळू उतरल्या. वाटेतल्या खड्ड्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

"मग काय, टॉपच घ्यावं ना?" काकांनी डायरी उघडी धरून विचारलं.

काचेपलीकडून हितेंद्र अंगठा वर करून "टॉप, टॉप" असं खुणावत होता. सगळ्यात महागडं खपवायचं, हा कंपनीचा नियमच होता. हो म्हटलं की झालं. पुष्करने तोंड उघडलं, पण नजर काकूंच्या कंबरेवरच्या हाताकडे गेली.

"मधलं घ्या, काकू," तो म्हणाला. "टॉपची चाकं मोठी आणि टायर पातळ. प्रत्येक खड्डा थेट पाठीत बसतो. मधल्याचे टायर जाड आहेत. पाठ चोळणारी सीट मिळणार नाही, पण मग ती लागणारही नाही. माझ्या आईला मी मधल्यातच बसवलं असतं."

काकांनी डायरी मिटली. अभिप्रायाचा कागद भरला, घडी घातली आणि पुष्करच्या हातात दिला. "आम्ही गेल्यावर वाचा." जाता जाता काकूंनी त्याचा वाकडा टाय सरळ केला. नापास झालेल्या पोराची समजूत काढावी तसा. पुष्करला फार वाईट वाटलं.

"अरे शहाण्या, तपासनिसासमोर टॉप सोडून मधलं?" हितेंद्र तणतणत आला आणि फोनकडे बघून मध्येच थांबला. "थांब, थांब. रिपोर्ट आलाय. तपासनीस बुधवारीच येऊन गेला रे! तो हाफ पँटवाला नव्हता का, पाणी प्यायला आलेला? तू त्याला अर्धा तास गाडी दाखवत बसलास. दहापैकी नऊ! कायम झालास लेका!"

पुष्करने हितेंद्रला मिठीच मारली. आईला कळवायला म्हणून त्याने फोन चालू केला, तर तिचे सात मिस्ड कॉल.

"पण मग हे दोघं कोण होते?" हितेंद्र म्हणाला.

पुष्करने कागद उलगडला. काकांचं अक्षर मोत्यासारखं होतं.

वागणूक: उत्तम. राग: आवरतो. खरेपणा: स्वतःचं नुकसान होत असतानाही सोडत नाही. कोणतं मॉडेल पसंत: कोणतंच नाही, आमची जुनी गाडी झकास चालते.

सगळ्यात खाली, 'इतर सूचना' या रकान्यात लिहिलं होतं: "आईचा फोन कधी कापू नये, आम्ही तुम्हाला बघायला येतोय हेच त्या सांगत असतील, उद्याची सुट्टी मागून घ्या, आमची मनवा संध्याकाळी तुमच्या घरी येईल, आम्हाला मुलगा पसंत आहे, पण शेवटचं तीच ठरवेल."