आजच्या दिवस

नव्या मुलीने बाळांचा थर्मामीटर गरम पाण्याच्या टाकीतून दोन मिनिटांत बाहेर काढला, आकडा सदतीसवर जुळवला, ‘तपासला’ असा शिक्का मारला आणि खोक्यात टाकला.

आजीने तिचा हात धरला. आजी सत्तावीस वर्षांची होती. कंपनीत सगळ्यांत जुनी, म्हणून हे नाव. गेले चार महिने ती माणसं भरण्यासाठी नुसत्या मुलाखती घेत होती. आज दोघीजणी आल्या नाहीत म्हणून या टेबलाशी बसली होती.

तिने तोच थर्मामीटर परत टाकीत सोडला. पाणी बरोबर सदतीस अंशांवर होतं. आकडा सदतीसपर्यंत आला आणि थांबला नाही. नियमाच्या वीस मिनिटांनी स्थिर झाला, तेव्हा सहा दशांश जास्त होता; नवीने अर्धवट चढलेल्या आकड्यालाच सदतीस केलं होतं. म्हणजे धडधाकट बाळालाही हा ताप दाखवणार.

दोन मिनिटं कुणी सांगितली, आजीने विचारलं. नवीने शेजारणीकडे बोट केलं. ती मागच्या सोमवारी लागलेली. तिला शिकवणारी त्याच्या आधीच्या सोमवारची. त्या शिकवणारीला चार मिनिटं सांगितली होती. तिच्या आधीच्या मुलीला सात. असं मागे जात जात सगळ्याजणी पॅकिंगच्या मावशींकडे बघू लागल्या. पूर्वी हे टेबल त्यांचं होतं.

“तुम्हीच म्हणालात, आजी,” मावशी खोक्याला पट्टी लावत म्हणाल्या. “चार महिन्यांपूर्वी, पहिल्या मोठ्या ऑर्डरला. आजच्या दिवस दहा मिनिटं चालतील म्हणालात. उद्याचं काही बोलला नाहीत.”

खाली ट्रक भरत होता. आजीने आधी तो थांबवायला सांगितलं, मग मालकांना फोन लावला. कंपनीत सहाच जण होते तेव्हा ती त्यांना दादा म्हणायची. आता सगळ्यांसारखं साहेब. साहेब घाईत होते. आजचा माल जाऊ दे म्हणाले, उद्यापासून नीट करा, आणि हा घोळ कुणी घातला त्याचं नाव संध्याकाळपर्यंत पाठव.

“नाव माझंच आहे, दादा,” ती म्हणाली. “आणि चार महिन्यांत गेलेला माल परत मागवावा लागेल. सगळा.”

 साहेबांनी फोन कट केला.

तिने दहा थर्मामीटर टाकीत सोडले, वीस मिनिटांचं घड्याळ लावलं आणि कुणीही हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. मुली टेबलाभोवती उभ्या राहिल्या. तिसऱ्या मिनिटाला त्यांना आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. एकीने एप्रनची नाडी सोडली, बांधली, पुन्हा सोडली.