गुलाबफुफीचं पाणी

"मी हात लावणार नही, नामदार. पाय धर, नाहीतर माझ्या नावानं बोंब मार. नही म्हणजे नही."

बिस्मिल्लाबी ओट्यावरून हलली नाही. चोपड्याच्या पिंजारवाड्यात कुणी बाई गेली की तिला शेवटची अंघोळ हीच घालायची. बाप्या गेला तर सुपडूचाचा. तो समोर लिंबाखाली बिडी ओढत बसला होता. त्यानं तर सकाळीच हात झाडले होते. जन्मभर लुगडं नेसली, तिला मी कसा धुऊ, म्हणाला. आणि बिस्मिल्लाबीचं म्हणणं, रोज सकाळी उठून दाढी करायची, तिला मी कशी धुऊ.

आत गुलाबफुफी केळीच्या पानांवर पडलेली. पहाटेच गेली. आता वैशाखाचं ऊन डोक्यावर आलं होतं आणि पानं काळी पडायला लागली होती.

"मतं टाकायला बायांच्या रांगेत तुझ्याच मागं उभी होती ना फुफी?" नामदार ओरडला. "तवा तुले चालली!"

"मत टाकताना लुगडं सोडावं लागत नही, बाबा."

लिंबाखालचे दोघं-तिघं हसले. नामदारनं वाकून दगड उचलला. सतरा वर्षांचा पोरगा, मास्तरच्या अंगावर धावून जाऊन सातवीतून सुटलेला. तो नुसता उचलणारा नव्हता, मारणारा होता. तेवढ्यात हाफिजजींनी त्याचं मनगट धरलं. मशिदीत नमाज पढवणारे म्हातारे, नामदारला अलिफ-बे त्यांनीच शिकवलेलं.

"ठेव तो दगड. किताबात रस्ता आहे. जिचं मर्द की औरत नक्की सांगता येत नाही, तिला पाणी घालायचं नाही. हाताला कपडा गुंडाळायचा, साफ मातीवर हात मारायचा, तोंडावरून आणि हातांवरून फिरवायचा. झाली पाक."

"माती?" नामदारचा आवाज फाटला. "तीस वर्षं मशिदीचा हौद कोण भरत होतं, हाफिजजी? त्याच पाण्यानं हातपाय धुऊन तुम्ही बठ्ठे नमाजला उभे राहिले. अन् तिच्यावर एक लोटा नही?"

हाफिजजींनी मान खाली घातली. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

"लहान होतो तवा तुम्हाले इचारलं होतं," नामदार म्हणाला. "अल्ला बाप्या शे का बाई. बठ्ठी पोरं हसली. तुम्ही नही हसले. काय सांगितलं होतं?"

"ना मर्द, ना औरत," हाफिजजी हळू म्हणाले. "तो कुणाचा बाप नाही, कुणाचा बेटा नाही. त्याच्यासारखं कुणीच नाही. आपण 'तो' म्हणतो, ते आपल्या तोंडाला दुसरं काही येत नाही म्हणून."

"मग हिलेच काबर पुसतात, तू कोण म्हणून?"

"त्याला आंग नाही, बेटा. हिला आंग आहे. आणि आता धुवायचं आहे ते आंगच."

शाळेत उत्तर सापडलं नाही की नामदार हात उचलायचा. इथं कुणावर उचलणार?

"दुपारच्या असरच्या नमाजाआधी माती द्यायला पाहिजे," हाफिजजी म्हणाले. "पाणीच हवं असेल तर वारस तू आहेस. जमातीसमोर साक्ष दे, मर्द होता म्हणून. सुपडू धुईल. खरं-खोटं तुझ्या माथी."

नामदार आत गेला. फुफीच्या तोंडावर माश्या बसल्या होत्या. त्यानं हाकलल्या, त्या परत बसल्या. आई गेल्यावर हिनंच, त्याच्या या आत्यानं, त्याला वाढवलं. दुष्काळात घरात प्यायला नसलं तरी एक तांब्या अंगावर घेतल्याशिवाय ही बाई चुलीजवळ जायची नाही. मतदारांच्या यादीत कुणी 'गुलाबखाँ' लिहिलं, तर दोन दिवस मामलेदार कचेरीच्या पायरीवर बसून राहिली. 'गुलाबबी' करून घेतल्यावरच उठली.

तो बाहेर आला.

"मर्द होता."

"जरा मोठ्यानं," कुणीतरी म्हणालं.

"मर्द होता!"

सुपडूचाचानं लगेच बिडी विझवली आणि बाह्या वर केल्या. इतकं सोपं होतं. घागरीमागून घागर आत गेली. पाणी ओतल्याचा आवाज आला. मग काचेचा आला. हात सुजले होते, बांगड्या निघत नव्हत्या, चाचा फोडून काढत होता. नामदार भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"कफन द्या," चाचा आतून म्हणाला. "तीन कापडं."

बिस्मिल्लाबी ओट्यावरून उठली. घरात जाऊन गाठोडं घेऊन आली. दारातून तीन कापडं आत दिली, आणि राहिलेली दोन नामदारच्या हातात ठेवली. एक डोक्यावरची ओढणी, एक छातीला बांधायचं.

"हे काय?"

"बाईले पाच लागतात," ती म्हणाली. तिची नजर वर येत नव्हती. "धुवायची हिंमत नव्हती रे माझी. पण सकाळी फाडायला बसले, तर पाचच फाडली."

जनाजा अंगणात आला. माणसं खांदा द्यायला रांगेत उभी राहिली. हाफिजजींनी मागं वळून सांगितलं, "मय्यत मर्दाची आहे. नामदार, ये. पहिला खांदा तुझा."

लोक बाजूला सरले, त्याला वाट दिली. नामदारनं ती दोन कापडं सदऱ्याच्या आत कोंबली, चपला पायात सरकवल्या आणि कब्रस्तानाच्या उलट्या बाजूला वळला.

"मर्दाले तुम्ही न्या," तो म्हणाला. "माले आता जायचं शे."