सात नंबरची शिंक

सात नंबर शिंकला.

डॉक्टरबाई लगबगीनं पिंजऱ्याशी आल्या. मुंगसासारखे लांबट, असे बारा फेरेट त्या खोलीत होते. पहिल्या सहांना कोरोनाचा विषाणू दिलेला. उरलेले सहा निरोगी, समोर हातभर अंतरावर. विषाणू हवेतून तेवढं अंतर ओलांडतो का, हे पाहायचं होतं.

"ओलांडला की, काका! उंदरांना लागतच नव्हता, माकडं खोकलीसुद्धा नाहीत. या पठ्ठ्यानं लाज राखली." त्या भिंतीवरच्या फोनकडे वळल्या. "साहेबांना सांगते."

पिंजऱ्यांची देखभाल काकांकडे होती. त्यांनी सात नंबरला उचललं. अंग कढत होतं.

"बाई, थांबा जरा."

"चहा पाजते हो, आधी फोन तर करू द्या."

"तीन दिवस झाले, मला सर्दी आहे."

बाईंनी फोन खाली ठेवला. "दारावरच्या वहीत रोज 'बरा आहे' म्हणून सही करता ना?"

"केली."

"का?"

"घरी बसलो असतो तर बदली माणूस आला असता. तो यांना कसाही धसमुसळेपणानं उचलतो. मला वाटलं, माझ्यावाचून यांचं अडेल." काका सात नंबरच्या पाठीकडे बघत बोलत होते. "परवा याला भरवताना नाक पुसायला मास्क खाली ओढला. तेवढ्यात शिंक आली."

"म्हणजे याला त्या सहांचं लागलं की तुमचं, कुणी सांगायचं?"

काकांनी मास्क नाकावर घट्ट ओढून घेतला.

"बाराच्या बारा वाया, काका. आता नवे बारा आणायचे."

त्या खोलीतून कुठलाच प्राणी जिवंत बाहेर जात नसे. काकांइतकं ते कुणाला ठाऊक होतं? त्यांनी सात नंबरला हलकेच आत ठेवलं आणि कडी लावली.

बाहेरच्या खोलीत बाईंनी कापसाची काडी काढली. एरवी काका जनावर धरायचे आणि बाई नाकात काडी घालायच्या.

"बसा. मास्क काढा."

काका स्टुलावर बसले आणि त्यांनी मान मागे टाकली. काडी आत गेली तसं डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही.

बाईंनी काडी नळीत घातली, वर चिठ्ठी चिकटवली. पेन हातात धरून त्या क्षणभर थांबल्या. मग चिठ्ठीवर लिहिलं, 'तेरा'.